थरथरणारा डोंगर

बौशर, बुधवार संध्याकाळ

अर्बाबच्या, माझ्या मालकांच्या, शिकारीसाठी आज दुर्बीण घेतली. तीस वर्षं माझं एकच काम. त्यांनी ससाणा सोडला की त्याच्यावर नजर ठेवायची. नजरेतून सुटला की पक्षी गेलाच. जुनी दुर्बीण गेल्या शुक्रवारी दगडावर पडून फुटली, माझ्याच हातून. अर्बाब हसले. "खलास! नवी तूच निवड, इब्राहिम. डोळे तुझे."

दुकानात मी बारा पटीची मागितली. मोठी ती बरी, नाही का? डोळ्यांना लावली तर समोरची पाटीच नाचायला लागली. दुकानदार म्हणाला, "चाचा, हाथ हिल रहा है. जितना बड़ा दिखेगा, उतना हिलेगा. आठवाली लो." आठ पटीची धरली. पाटी थांबली. पण त्यात ससाणा म्हणजे नुसता ठिपका. तो या डोळ्यांना सापडायचा कसा?

शेवटी बारा पटीचीच आणली. का? हात म्हातारे झाले हे दुकानदारासमोर कबूल करवेना, एवढंच. आता गच्चीवरून बघतोय, अख्खा डोंगर थरथरतोय.

शाळेत कविता म्हणताना हात असेच थरथरायचे. मास्तर म्हणायचे, "इब्राहिम, हात मागे बांध आणि म्हण." बांधले की कविता झऱ्यासारखी यायची. एक कडवं चुकायचं नाही.

परवा ससाणा सुटेल. अर्बाब विचारतील, "कुठे गेला?"

आणि दुर्बीण तर दोन्ही हातांनीच धरावी लागते.