डाव्या छातीवरचं काज

बिएल्ला, ६ डिसेंबर १९३१

चि. एलिज्यो,

माझं नाव घेतलंस कशाला? आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

औषधवाले पेरोना काल भर दुकानात मला म्हणाले, बाई, मुलगा गुणी हो तुमचा. फॅसिस्ट सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायचं प्राध्यापकसाहेबांच्या मनात नव्हतं, पण नोकरी गेली तर म्हातारी आई खाणार काय, म्हणून सही केली बिचाऱ्याने. अख्खं दुकान माझ्याकडे बघत होतं. अरे, मी छप्पन्न वर्षांची आहे. शिंप्याकडे बसून दिवसाला चाळीस काजं करते. तुझी कायद्याची जाडजूड पुस्तकं याच सुईने आणली. मला जगायला तुझी सही लागत नाही.

तुझे गुरू प्रोफेसर लात्तेस, त्यांनीही सही केली, हे तूच लिहिलंस. पण ते तुझ्याजवळ म्हणाले की मी घाबरलो. झालं. माणूस घाबरतो. त्यात आईला ओढत नाही. तूही तेवढंच म्हण, मी एक शब्द बोलणार नाही.

उरलेसुरले आशीर्वाद.
तुझी आई, देल्फिना

रोक्काव्हेरा, १२ डिसेंबर १९३१

ती. आईस, सा. न. वि. वि.

पेरोना चोंबडा आहे, लहानपणापासून मला माहीत आहे. अगं, मी सहज बोलून गेलो. लोकांना पटेल असं काहीतरी सांगावं लागतं.

माझं पुस्तक छापून आलंय, सोबत पाठवतोय. कायदा चांगला की वाईट, हे ठरवणं कायद्याच्या तत्त्वज्ञाचं काम नाही. ठरलेल्या पद्धतीने झाला की तो कायदा, एवढंच मी त्यात मांडलंय. लात्तेससरांनी प्रस्तावना लिहिलीय आणि तिच्यात मला चार टोमणेही मारलेत. तुला आवडतील. चेस्टनट पाठव, इथले किडके निघतात.

राग कर, पण लोभ आटू देऊ नकोस.
एलिज्यो

रोक्काव्हेरा, ९ जानेवारी १९३९

ती. आईस, सा. न. वि. वि.

आधी खाली बस. मला खुर्ची मिळाली! कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा मुख्य प्राध्यापक, चाळिसाव्या वर्षी.

जागा लात्तेससरांची आहे. नव्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना काढलं, ते तू पेपरात वाचलंच असशील. कायदा वाईट आहे, मला काय कळत नाही? पण कायदा आहे. मी नाही म्हटलं असतं तर दुसरं कुठलं तरी गाढव येऊन बसलं असतं. शिवाय तुझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. तुला अजून किती वर्षं सुई धरायला लावू?

पहिल्या व्याख्यानाला काळा कोट हवा, तुझ्याच हातचा. डाव्या छातीवरचं काज नीट कर. पक्षाचा बिल्ला लावावा लागतो.

तुझाच,
एलिज्यो

बिएल्ला, १ फेब्रुवारी १९३९

चि. एलिज्यो,

आता माझे डोळे? तुझ्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय म्हणून त्याच्याखाली माझे डोळे सरकवू नकोस. त्याच डोळ्यांनी तुझं पुस्तक दोनदा वाचलंय.

कोट पाठवलाय. डावं काज केलंय. रेशमी दोरा, छत्तीस टाके, एकही वाकडा नाही. फक्त मधलं कापड फाडलं नाही. अगदी तुझ्या पुस्तकातल्या कायद्यासारखं. पद्धत बिनचूक, बघणाऱ्याला काज दिसतं, आणि आतून काही जात नाही. तुझा तो ढेकूणही जाणार नाही. इथे बिल्ल्याला सगळे ढेकूणच म्हणतात, दार लावून.

प्रोफेसर लात्तेस स्वित्झर्लंडला जाताना माझ्याकडे थांबले. मक्याच्या पिठाचा पोलेंता खाल्ला. तुझ्याबद्दल वाईट बोलले नाहीत, त्याचाच मला जास्त संताप आला. शेवटी मीच खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तू त्यांना स्टेशनवर पोचवायलाही गेला नाहीस. कुठल्या कायद्यात लिहिलं होतं रे, जाऊ नये म्हणून?

आशीर्वाद नाहीत. मोजे आहेत, थंडी फार आहे.
आई

रोक्काव्हेरा, १४ फेब्रुवारी १९३९

आई,

तुझं पत्र आधी उघडलंच नव्हतं, व्याख्यानाला दहा मिनिटं उरली असताना कळलं. कुलगुरू दारात उभे. दाढीच्या पात्याने फाडलं.

मोजे मिळाले.
एलिज्यो

रोक्काव्हेरा, २० ऑक्टोबर १९४७

ती. आईस, सा. न. वि. वि.

इतकी वर्षं आपण नाताळची चार ओळींची कार्डंच पाठवत आलो. आता पुरे.

माझं नवं पुस्तक गाजतंय. अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे, असं त्यात म्हटलंय. पेपरवाले मला स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ म्हणतात. हस हवं तर. जुनं सरकार गेल्यावर लात्तेससर परत आलेत. त्यांना पुन्हा घेतलंय, पण माझी खुर्ची हलवली नाही, नियमच तसा झालाय. ते जिन्याखालच्या खोलीत शिकवतात.

१० नोव्हेंबरला विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू होतं, त्याचं भाषण माझं आहे. तू पहिल्या रांगेत बसायचंस. त्या काळ्या वर्षांत आईसाठी एका मुलाला काय काय गिळावं लागलं, ते मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

कोट सोबत आहे. दुसरं चांगलं कापड कुठे मिळतंय? डाव्या छातीवरचं ते भोक उसवत चाललंय. असं रफू कर, की तिथे कधी काही होतं हे कुणाला कळू नये. ते तुलाच जमेल.

वाट बघतो.
एलिज्यो

रोक्काव्हेरा, विद्यापीठाच्या दारवानबाईंच्या टेबलावरून
१० नोव्हेंबर १९४७, सकाळ

एलिज्यो,

कोट इथे खुंटीवर टांगलाय.

रफू मला जमलं असतं. सुई ओवून बसलेही होते. केलं नाही. तू पात्याने ओरबाडलेल्या कडा धरून काज पुरं केलं, पांढऱ्या दोऱ्याने. काळ्या कोटावर पांढरं. शेवटच्या रांगेतूनही दिसेल. लोक विचारतील, विचारू देत. सांग की इथे बिल्ला होता. आईने काज बंद ठेवलं होतं, मी फाडलं, कारण मला खुर्ची हवी होती. तुझ्या जाडजूड पुस्तकांत मी हे एक वाक्य शोधत आले. प्रोफेसर लात्तेसना ते सोळा वर्षांपूर्वी जमलं, मी घाबरलो, एवढ्यात.

आत्ता त्यांच्या खोलीत जाऊन आले. खिडकी नाही तिथे. त्यांच्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते टाचून दिलं. मला म्हणाले, आलाच आहात तर एलिज्योचं भाषण ऐकून जा, चांगलं बोलतो तो. मी विचारलं, तुम्ही कुठल्या रांगेत? म्हणाले, मला बोलावणं नाही.

पहिल्या रांगेत मी बसणार नाही. ती खुर्ची रिकामी आहे, कुणाला द्यायची ते तुला कळत असेल. आणि भाषणात माझं नाव काढायचं नाही. ते माझं आहे.

वर जिन्यात तुझे बूट वाजतायत. उजवा अजून फरफटतोच. तू खाली यायच्या आत मला गाडी गाठायचीय.

कोटाच्या खिशात चेस्टनट आहेत. आशीर्वादही तिथेच ठेवलेत, कोट घातलास तर हाताला लागतील.

निघाले.