तीनशे एक रिकामं होत नाही

१२ नोव्हेंबर १९९५, खांदेश्वर

आलो एकदाचे! साताऱ्याहून टेम्पो निघाल्यापासून कपाटाची दोरी सुटेल म्हणून मी सारखी मागे वळून बघत होते आणि सुयश मला हसत होता. दोरी काही सुटली नाही. तिसरा मजला, ३०१ नंबर, भिंतींना अजून रंगाचा वास, लिफ्ट नावापुरती. गॅलरीतून तळं दिसतं. प्राचीला तळ्याचं काही नाही. सहा वर्षांची झाली, पुढचा दात हलतोय आणि दर पाच मिनिटांनी "आई, पडला का?" चालू आहे. सुयश उद्यापासून तळोज्याच्या कंपनीत, शिफ्टवर. मला स्वस्थ बसवत नाही, मीही काहीतरी शोधणारच.

१५ नोव्हेंबर

शोधलं! खालीच, बिल्डरच्या ऑफिसात. बिल्डर म्हणजे कमळाकर पाटील. ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच भातशेतात. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय म्हटल्यावर शेठनी लगेच खुर्ची पुढे केली.

मशिन जुनं आहे. काळा पडदा आणि त्यावर नुसतं 'सी' हे अक्षर. आपण कुठल्या डिरेक्टरीत, म्हणजे कप्प्यात, उभे आहोत हे ते आपणहून सांगत नाही, 'सीडी' मारून विचारावं लागतं; 'सीडी'पुढे नंबर मारला की त्या नंबरात शिरता येतं. प्रत्येक फ्लॅटची एक डिरेक्टरी, आत राहणाऱ्या प्रत्येक माणसाची एक फाइल. आमच्या ३०१ मध्ये दोनच, सुयश आणि प्राची. माझी फाइल ऑफिसच्या डिरेक्टरीत, कामाला लागलेल्यांबरोबर. म्हणजे मशिनच्या मते मी या घरात राहतच नाही, असं सुयशला सांगितलं तर म्हणाला, मग चहा कोण करणार?

१८ नोव्हेंबर

डिस्क भरलीय, बिलं निघत नाहीत. शेठ म्हणाले, "जे गेले त्यांना पुसून टाक बाय, मशिनमदी जागा नाय." १०२ चे गोळे नाशिकला गेलेत. त्यांच्या डिरेक्टरीत शिरले, 'डेल स्टार डॉट स्टार' मारलं. मशिन विचारतं, नक्की का? 'वाय' दाबलं, फायली गेल्या. मग बाहेर येऊन 'आरडी' मारलं, की रिकामी डिरेक्टरीही गेली. आत काही उरलं असेल तर मात्र ती जात नाही. घर झाडून काढल्यासारखं बरं वाटलं.

निघताना पोपट वॉचमनला गोळ्यांचा पत्ता विचारला. म्हणाला, कोण गोळे? १०२ तर अजून विकलंच गेलं नाही. दिवसाढवळ्या लावून आलास का, असं मी त्याला चिडवलं.

२१ नोव्हेंबर

२०४ चे दिनानाथकाका जागा सोडणार म्हणून शेठनी त्यांचं नाव काढायला सांगितलं. काढलं. संध्याकाळी वर आले तर त्यांच्या दाराला कुलूप. सकाळी त्यांनीच प्राचीला पेरू दिला होता, अर्धा खाल्लेला तिच्या हातात होता. काका कुठे गेले विचारलं तर म्हणाली, "कुठले काका?" खाली पळत जाऊन शेठना विचारलं. "२०४ मदी अजून कोन राहालाच आला नाय, बाय." दारावर पाटी नाही. पाटीच्या खिळ्यांची भोकंही नाहीत. सुयश म्हणतो, टेन्शन घेऊ नको, तू दमलीस.

मी दमले नाही. मला भीती वाटतेय.

२२ नोव्हेंबर

ऑफिस उघडल्याबरोबर ३०१ मध्ये शिरले. दोघंही होते. कोर्सच्या सरांनी 'अ‍ॅट्रिब प्लस आर' शिकवलं होतं. ते लावलं की फाइल फक्त वाचता येते. पुसता येत नाही, बदलताही येत नाही. आधी प्राचीला लावलं. सुयशला लावणार तोच शेठ आले. ३०२ चं बुकिंग रद्द, ते आत्ताच्या आत्ता काढ, बिलं अडकलीत. डोक्याशी उभे राहून बोलतच होते. मनात म्हटलं, ३०२ चे तर कधी राहायलाच आले नव्हते. 'सीडी ३०२'. 'डेल'. 'वाय'. बाहेर येऊन 'आरडी ३०२'.

मशिन म्हणालं, रिकामी नाही. शेठ म्हणाले राहू दे, झाली जागा, बिलं काढ. काढली. मग बघितलं.

३०१ मध्ये असतानाच मी 'सीडी ३०२' मारलं होतं. ३०१ च्या आत ३०२ कुठून असणार? मशिनने तसं सांगितलं असणार. मी शेठकडे बघत होते. 'डेल' मारलं तेव्हा मी ३०१ मधून हललेच नव्हते.

३०१ च्या आत आता एकच नाव होतं. प्राची. पुसलेलं परत आणायची कमांड मारून बघितली. सुयशच्या जागेवर बिलं बसलीत.

२३ नोव्हेंबर

घरात त्याचा एक शर्ट नाही. कंपनीत फोन केला, असं कुणी नाही. साताऱ्याला सासूबाईंना केला. आवाज त्यांचाच. म्हणाल्या, राँग नंबर.

संध्याकाळी प्राची दारात जाऊन उभी राहिली. "बाबा येतील आता." तिला आठवतो! तिला कुशीत घेऊन खूप रडले.

२७ नोव्हेंबर

दात तसाच. गुडघ्याला गेल्या आठवड्यात खरचटलं होतं ते अजून ओलं. शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं, शिकवलेलं काही डोक्यात राहत नाही, रोज पहिल्यापासून. "आई, पडला का?" "बाबा येतील आता." रोज त्याच सुरात —

बदलताही येत नाही. सरांनी सांगितलं होतं.

२९ नोव्हेंबर

प्लस आर काढलं तर ती वाढेल. आणि सुयशला विसरेल. मग त्याला ओळखणारं जगात कोण? उद्या काढते. उद्या नक्की.

१ डिसेंबर

नाही काढलं. मशिनपर्यंत गेले, आणि — वरून तिची हाक आली, बाबांना — नाही जमलं.

२ डिसेंबर, दुपार

शेठचा पुतण्या रूपेश आलाय, नवं मशिन घेऊन. जुनं आधी साफ करतोय. ३०१ हटत नाही म्हणून हसला. म्हटलं राहू दे, ते मी बघते. तो उठला की प्लस आर काढणार. ठरलं. माझ्याशिवाय ते कुणाला माहीतही नाही. विसरू दे सुयशला. पोरीचा दात तर पडू दे.

हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहितेय —

प्राची शाळेतून आली. ऑफिसच्या दारात उभी आहे. पडला का? — हो बाळ, आज पडेल, आज नक्की —

रूपेश म्हणतो झालं वहिनी, ऑफिसची जुनी नावंपण काढली, एकदम सगळी. बरं म्हटलं — प्राची, ये, आत ये, अशी बघतेस काय —

ऑफिसची? पण त्यात तर मी