बसलं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी खुशाली, मग बातमी. आईचा गुडघा बरा आहे. बाबांचं कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेलंय. त्यातून फक्त शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात म्हणे. फोनवर त्यांना काही कळत नाही, म्हणून आपल्या घरात अजून पत्रं चालतात, हे माझ्या ऑफिसात कुणाला खरं वाटत नाही.

आता बातमी. मी ठेके वाजवायचं मशीन घेतलंय. हसू नकोस. समोर सोळा बटणांची एक रांग आहे. जे बटण दाबू तिथे ठोका पडतो. एक दिवा डावीकडून उजवीकडे पळत जातो आणि रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून निघतो. वर गोल खुंट्या आहेत, एकीने ढुम्म खोल जातो, दुसरीने लांबतो. लहानपणी बाबांनी मला ड्रमवरून उठवलं होतं, आठवतंय ना? याच्या हाताचं आणि पायाचं आपसात बोलणं नाही, असं म्हणाले होते. इथे हातपाय लागतच नाहीत, एक बोट पुरतं.

रविवारी मी हेडफोन लावून झांजेचे ठोके मागेपुढे करत होतो. स्पीकरही लावलेला होता. त्याची वायर जरा ढिली आहे, पण चालतं. बाबा आले आणि स्पीकरवर तळहात ठेवून उभे राहिले. हल्ली ते असंच ऐकतात. मी मान वर केली नाही. आणि मग ते म्हणाले, बसलं! हल्ली ते एवढ्या मोठ्यांदा बोलतात की हेडफोनमधूनही स्वच्छ ऐकू आलं. ताई, मी खोलीभर नाचलो.

मित्रांनी पुढच्या महिन्यात त्यांच्या कार्यक्रमात वाजवायला बोलावलं होतं. इतके दिवस मी टाळत होतो, त्याच दुपारी हो म्हणून टाकलं.

आहे तेवढा लोभ शिल्लक ठेव.
तुझा,
ढब्बू

ता. ११ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद. द्यायचे असतात म्हणून.

तुझं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. मिरच्या झोंबल्या म्हण, जळफळाट म्हण, काय हवं ते म्हण. मोठ्या बहिणीला शोभत नाही हे मला माहीत आहे. पण नाही शोभत तर नाही शोभत.

मी एवढीशी होते तेव्हापासून बाबा माझ्या ड्रमशेजारी स्टुलावर बसत. मी वाजवायची, ते डोळे मिटून मान हलवायचे आणि शेवटी एकच शब्द बोलायचे, बसतंय. शाळेत असताना बसतंय. नाटकगृहात वाजवायची नोकरी लागली, पहिल्या खेळाला ते पहिल्या रांगेत होते, तरीही बसतंय. मला वाटायचं, ‘बसलं’ हा शब्द त्यांनी कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलंय. ते मला चाललं असतं, सगळेच उपाशी राहिलो असतो. तो तू एका बोटाने उचलून नेलास.

आणि वाजवतं ते मशीन, तू नव्हे. तू बटणं दाबून आंघोळीला गेलास तरी ते वाजतच राहील. माझ्या हाताला घट्टे पडलेत, खेळ लागला की मनगट सुजतं, आणि कौतुक डब्याचं!

ते नक्की कसे म्हणाले ते लिही. हसून म्हणाले? शब्द सुटा होता की ओढलेला? मला झोप लागत नाही, तेव्हा थापा मारू नकोस.

लोभाचं नंतर बघू.
ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हा मात्र मनापासून.

पाकीट उघडायच्या आधीच करपल्याचा वास आला. आईला वाटलं, गॅसवर काही राहिलं.

विचारलंस म्हणून सांगतो. हसले नाहीत. शब्द सुटा आणि ठाम होता, दार लावून घ्यावं तसा.

आता माझंही ऐक. तुझ्याकडे एवढ्या वर्षांचं ‘बसतंय’ आहे. तुम्ही दोघं आत, स्टूल आत, आणि मी दाराच्या फटीला डोळा लावून बाहेर. मला तर ‘बसतंय’सुद्धा कधी मिळालं नाही, ‘उठ’ मिळालं. पोटात दुखायचा पहिला हक्क या घरात माझा आहे. आता कुठे एक शब्द माझ्या वाट्याला आला, तर तोही तुला तपासून हवा.

सोबत पेन ड्राइव्हवर तो ठेका पाठवतोय. चौथं बटण मुद्दाम सोडलंय. तिथे काही पडत नाही, त्यातच गंमत आहे. तुला आवडला नाही तरी खुशाल लिही. पूर्वी मी आठवडाभर कुढलो असतो आणि कार्यक्रमाला नाही म्हणून मोकळा झालो असतो. आता नाही. बाबा बोललेत.

जळत जळत का होईना, लोभ असू दे.
ढब्बू

ता. २५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येतीची चौकशी या पत्रात करणार नाही, कारण मी रागावले आहे.

तुम्ही ढब्बूला बसलं म्हणालात. मला आजवर का नाही म्हणालात? माझ्या वाजवण्यात काय राहिलंय ते एकदा सांगून टाका. मी अजून रोज खेळ संपला की पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीकडे बघते. तिथे दुसरंच कुणीतरी कोट घालत असतं. मला ढब्बूचा हेवा वाटतो, त्याच्या डब्याचासुद्धा वाटतो. कानाचं यंत्र कपाटातून काढा आणि मग उत्तर लिहा. आईला नमस्कार.

तुमचीच,
टिमकी

ता. ३ मार्च

चि. टिमकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचायला कान लागत नाहीत, तेव्हा यंत्र कपाटातच आहे.

मी बसलं म्हणालो हे खरं आहे. मशीन बसलं, म्हणून म्हणालो. स्पीकरवर हात ठेवला होता, धडधड छान लागत होती, एकदम थांबली. आपला पंखा बसला, तुझ्या मामाचा धंदा बसला, तसं ते बसलं. त्याला सांगायला गेलो तर पोरगा हेडफोनसकट उड्या मारायला लागला. मला कळेना, वस्तू बिघडल्याचा याला एवढा आनंद कसला. मागची वायर सैल होती, ती मीच दाबली, पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी तुझ्या आईने कानात ओरडून सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तोवर त्याने मित्रांना होकार कळवला होता. खरं कळलं तर तो परत खोलीत जाऊन बसेल. मी गप्प राहिलो.

त्याचा ठेका कसा होता म्हणशील, तर बसतोय.

तुझ्या वाजवण्यात काही राहिलेलं नाही. फार पूर्वीच काही राहिलं नव्हतं. पण बसलं म्हटलं असतं तर शिकवणी संपली असती आणि मला स्टुलावरून उठावं लागलं असतं. मला उठायचं नव्हतं.

त्याला काय सांगायचं ते तू ठरव. मी बोलायला गेलो तर गल्लीभर ऐकू जाईल.

मनगटाला शेक दे. राग ओसरला की नेहमीसारखी हो.
बाबा

ता. १० मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. या वेळी न मोजता.

बाबांना पत्राने विचारलं. ते बसलं म्हणाले होते हे खरं आहे, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कळवलंय. आता माझी काही तक्रार नाही.

तुझा ठेका नाटकगृहातल्या मोठ्या स्पीकरवर लावून ऐकला. पहिल्यांदा चुका काढायला ऐकला, हे तुला सांगायला नको. एक सापडली, झांज जरा जास्त चमकते, ती खुंटी मागे घे. मग पुन्हा लावला. चौथ्या जागी तू काही ठेवलं नाहीस, तिथे माझा पाय आपसूक थांबला आणि पुढच्या ठोक्याला पडला. इतकी वर्षं वाजवतेय, ती जागा मला मोकळी सोडायचं सुचलं नव्हतं. पोटात पुन्हा दुखलं, पण या वेळी रास्त कारणाने. बसतंय, ढब्बू. आपल्या घरात हा केवढा मोठा शब्द आहे ते मला या आठवड्यात कळलं.

मी रजा काढून कार्यक्रमाला येतेय. बाबांना घेऊन येईन. आम्हाला खुर्च्या नकोत, तुझ्या स्पीकरशेजारी एक स्टूल ठेव, त्यावर बाबा बसतील. मी मागे उभी राहीन. ती वायर बदलून घे. नाही जमलं तर मी दाबून धरीन, तू हेडफोन काढू नकोस आणि मागे वळून बघू नकोस.

हेवा संपला असं समजू नकोस. बाबांच्या एका शब्दावर तू खोलीभर नाचलास. मी त्यांचा शब्द रोज ऐकत आले आणि प्रत्येक वेळी पुन्हा काठ्या उचलल्या. नाचले एकदाही नाही.

लोभ होताच, आता कबूल करते.
ताई