जवळच तर आहे

२ तारीख, सकाळी
जाग येता येता टक्-टक्, टक-टक-टक् ऐकू आलं. दादाच्या कंपासपेटीचा ठेका! एक वर्ष नापास होऊन दादा माझ्याच वर्गात आला होता. मी फळ्यापाशी कविता म्हणायचो, तो मागच्या बाकावरून पत्र्याच्या पेटीवर ताल धरायचा. काय दिवस होते!
खुब्याचं ऑपरेशन होऊन दादा काल घरी आलाय. मागच्याच गल्लीत. आज भेटायला जाणार. नक्की.

२ तारीख, संध्याकाळी
जमलं नाही. ज्येष्ठ मंडळाचे सेक्रेटरी येऊन बसले. दर महिन्याला एकाने एका साध्या इंग्रजी शब्दावर बोलायचं. या वेळी पाळी माझी. मी 'नियर' घेतला. सोपा आहे.

५ तारीख
पहिलं उदाहरण सुचलं : 'माय ब्रदर लिव्ह्ज नियर मी.' उत्तम. गॅलरीतून त्याची खिडकीसुद्धा दिसते. दादासाठी संत्री आणली. उद्या जाणार.

८ तारीख
नवा मुद्दा : 'नियर' म्हणजे नुसतं अंतर नव्हे. परीक्षाही 'नियर' येते. टाळ्या मिळणार.
वहिनींचा फोन. दादाला आपली ती नदीची कविता आठवतेय, पण तिसरं कडवं काही केल्या सापडत नाही. म्हणतो, धाकट्याला पाठ असेल. येतोच, म्हटलं.
मलाही आठवत नाही. मग जायचं कोणत्या तोंडानं?
संत्री सुकायला लागली होती, म्हणून खाल्ली. ही म्हणाली, ती काय आपल्या पायांनी जाणार होती? ही रोज जाऊन येते. तिचं बरं आहे, तिला कुणी कडवी विचारत नाही.

११ तारीख
निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलोसुद्धा. त्याच्या खिडकीला पडदा. झोपला असेल, उगाच कशाला उठवा? परत आलो. येताना पुन्हा संत्री घेतली.
सकाळी अकराला दादा कधी झोपतो? मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडणारा माणूस. तो अंथरुणावर बघवायचा नाही. (हे खोडायचं आहे.)

१४ तारीख, संध्याकाळी
भाषण उद्या. दुपारी घरीच रंगीत तालीम केली. श्रोता एक, तोही मटार सोलत. पहिल्या उदाहरणालाच ही म्हणाली, मग जाऊन या की! म्हटलं, भाषण होऊ दे, मग मोकळ्या मनानं जातो.
तेवढ्यात बाहेर पॅसेजमध्ये टक्-टक्, टक-टक-टक्. वाटलं, भास. बेल वाजली.
दारात दादा. वॉकरला धरून उभा, घामानं निथळत. मागे वहिनी, कपाळाला हात लावून. सांगत होत्या, ऐकतच नाहीत, म्हणतात जवळच तर आहे.
दादानं विचारलं, तिसरं कडवं? म्हटलं, मलाही येत नाही. एवढ्यासाठी तोंड लपवून बसलास होय रे गाढवा, म्हणाला आणि खुर्ची मागितली.
मग म्हणाला, घसा सुकलाय, काहीतरी दे.
घरात एकही संत्रं नव्हतं. शेवटचं मी तालमीआधी खाल्लं होतं. आवाज मोकळा व्हावा म्हणून.