नालवाडीत पूर आल्याचा सराव

३ मे १९८२
यंदा वणा नदीला पूर येऊन टेलिफोनच्या तारा तुटल्या, तर जिल्ह्याला आम्हा हौशी बिनतारीवाल्यांच्या हॅम रेडिओचाच आधार. त्यासाठी आधी सराव हवा. एक स्टेशन मी, नालवाडी. दुसरं हिंगणघाट, कारण नदी तिथे आहे. तिथे माझे मेहुणे पुंडलिकराव लायसन्सवाले आहेत. मंदाही संक्रांतीपासून तिथेच, माहेरी आहे. हा केवळ योगायोग.

५ मे
कॉलेजात विषय काढला. सहा स्वयंसेवक नक्की. कलेक्टर कचेरीलाही बोलवावं.
सेटमध्ये सारखी खरखर. कारण मंदाच्या शिलाई मशीनची मोटार. मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला आहे. ती इथे असताना मी सेटवरून हात वर केला की ती मशीन थांबवायची. बोलणंही थांबवायची. सिग्नल कमजोर असला की शांतता लागतेच. यात रागावण्यासारखं काय होतं, यावर आज प्रामाणिकपणे विचार केला. काही सापडलं नाही.
प्लग काढावा का? नको. वस्तू तिची. आल्यावर तीच काढेल.

९ मे
स्वयंसेवक दोन उरले. लग्नसराई.
संदेशाचा मजकूर ठरत नाही. लायसन्सचा नियम कडक: तार करण्याइतकं महत्त्वाचं काहीही सेटवर बोलायचं नाही. म्हणजे ‘नळाला नवा वॉशर बसवला’ चालेल. ‘परत ये’ चालणार नाही. (उदाहरणादाखल.) पण कल्पित पुराचा कल्पित संदेश महत्त्वाचा कसा ठरेल? नियम तीनदा वाचला. समाधान करून घेतलं.

१२ मे
शेजारच्या देवकाबाई तणतणत आल्या. “भाऊजी, तुमी आमच्या रेडिओत काऊन बोलून राह्यले? गाणे लावले का तुमीच येता, हॅलो हॅलो!” सेट जवळ असला की असं होतं, हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “येऊ द्या मंदाबाईले. सांगतोच तिले, तुहा नवरा आमच्या घरात किती बोलते म्हून!”
फिल्टर बसवायला हवा. सुट्टीत बसवीन.

१६ मे, सकाळी
सराव. स्वयंसेवक: मी.
संदेश पाठवला: नालवाडीला पाण्याचा वेढा. घरात एक माणूस अडकला आहे. धान्य पुरेसं. मदत पाठवा.
पुंडलिकरावांनी जसाच्या तसा वाचून दाखवला. वर म्हणाले, मंदा शेजारीच बसली आहे, तिनेही ऐकलं. मी उत्तराची वाट पाहिली. हात वर केला नाही. खोलीत कोणी नव्हतं, तरी आठवणीने केला नाही.
उत्तर: मंदा विचारते, मशीन भिजलं का?
मी कळवलं, मशीन कोरडं आहे, पूर कल्पित आहे.
उत्तर: कल्पित तर कल्पित. खरा यायच्या आत मशीन इकडे पाठवा, म्हणते. ओव्हर.
‘ओव्हर’ अगदी योग्य जागी आलं.

संध्याकाळी
सराव एकंदरीत यशस्वी. संदेश पोचला, उत्तर आलं, प्रत्यक्ष हालचालही होणार.
दुपारी देवकाबाई पुन्हा दारात. हातात भाकरी, वांग्याची भाजी. “अडकलेला मानूस कुठं हाय? धान्य हाय म्हने, पन रांधते कोन?” हा सराव होता, खरं काही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी घरभर नजर फिरवली अन् ताट ठेवून गेल्या. जेवलो.

१८ मे
पुंडलिकराव जीप घेऊन आले. मशीन मागे आडवं टाकलं. मंदाला यायचं होतं, पण जीपमध्ये जागा नव्हती, म्हणाले. येताना जीप रिकामी होती.
प्लग मीच काढला.
संध्याकाळी सेट लावला. आता आवाज स्वच्छ येणार म्हणून खुर्ची जवळ ओढून बसलो.
खरखर आहे तशीच आहे.