अण्णा, तो उजेड मी रचला होता

प्रिय अण्णा,

तुला पत्र लिहायची पाळी माझ्यावर यावी! तू होतास तेव्हा आपल्या दोन घरांमध्ये एक गडगा तेवढा होता. हाक मारली की हातातली कोयती तशीच घेऊन यायचास. तेव्हा सांगायचं ते सांगितलं नाही, आणि आता तुझं वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर कागद घेऊन बसलोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

शिमगा होऊन आज पाचवा दिवस. पालखी देवळात गेली, देवीची रूपं उतरली, सुधीर काल मुंबईला परतला. तुझा मुलगा गुणी आहे हो, तुझ्यासारखाच मोजकं बोलतो. मी आपला तीन दिवस बंदरावर जातोय, पण कामात मन नाही. लाँचचं इंजिन खोलतो, बसवतो, चालू करून बघतो आणि बंद करतो. बंद केलं रे केलं की मागून तुझा आवाज येतो. "बाळ्या, कसा वाटता रे?" वळून बघतो तर मागे नुसतं पाणी.

भुतंखेतं मी मानत नाही, तुला माहीत आहे. पण हे ऐकू येतं त्याचं काय करू? काल हातातला पाना खाडीत पडला. लाँचवरचा तांडेल हसला. मी नाही हसलो.

म्हणून लिहितोय. तू दर वर्षी जे विचारायचास, त्याचं खरं उत्तर मी तुला कधी दिलंच नाही.

बारा वर्षांपूर्वीचा शिमगा आठव. तू तेव्हा सगळ्या गावाचा लाडका. पालखी तुझ्या खांद्यावर आली की बायका पोरांना गप्प करायच्या, "बघा आता." आणि मी सहाणेच्या, पालखी टेकवायच्या चौथऱ्याच्या, कडेला उभा राहून टिंगल करणार! मानकऱ्याने गुपचूप नारळ पुरायचा, नाचवणाऱ्यांना जागा ठाऊक नसायची, आणि ढोलावर फिरत फिरत पालखीने नेमकं तिथंच जाऊन टेकायचं. त्याला शेरणं काढणं म्हणायचं आणि हात जोडायचे. मी तुला म्हणायचो, "अण्णा, लाकडाला काय कळतं? इंजिनात डिझेल नसेल तर फिरतं का ते? तुम्हीच ढकलता."

तू कधी चिडला नाहीस. एकदाच बोललास, ते काजूच्या बिया वेचताना, खाली मान घालून. "पालखी खांद्यावर आली का मी जातो बाळ्या. दांडा लागत नाय. बघणारा असतो, पण तो मी नाय."

"मग कोण?" मी विचारलं.

"ताच तर कळत नाय ना," म्हणालास आणि पुढच्या झाडाखाली गेलास.

मला राग आला होता, अण्णा. आज कबूल करतो. तू चौथी शिकलेला, भात लावणारा, चार कलमं राखणारा माणूस. मी आयटीआय केलेला. आणि तुला काहीतरी दिसतं, मला दिसत नाही? मनात आलं, याला एकदा खोटं पाडायचंच.

त्या वर्षी पहाटे मी करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसलो. मानकरी आला, त्याने खड्डा काढला, नारळ ठेवला, माती सारखी केली, वर सुक्या पानांचा पातेरा टाकला. मी सगळं बघितलं. पायाने अंतरसुद्धा मोजून ठेवलं. मग दुपारी तुझ्याकडे आलो आणि गरीब चेहरा करून म्हटलं, "अण्णा, मला पुढे घे ना. एकदा बघू दे." तुझा चेहरा असा उजळला की बस! तुला वाटलं, भाऊ वळला.

मी पुढे, तू मागे. एक फेरी घेतली, दोन घेतल्या, उगाच भलतीकडे नेऊन परत वळवली. नाटक करायचं तर पुरतं करावं ना! आणि मग सरळ तिथं नेऊन टेकवली. खणलं. नारळ निघाला.

माझा बेत असा होता की तिथल्या तिथे ओरडून सांगायचं, "मी बघितला होता! मी ढकलली!" एवढं एक वाक्य. पण गुलाल उडाला, देवीच्या नावाने ओरडून फाका झाल्या, म्हातारी माणसं माझ्या पाया पडायला लागली. आपली आई गर्दीतून आली आणि तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. मला बरं वाटलं, अण्णा. फार बरं वाटलं. आणि ते वाक्य राहिलं.

संध्याकाळी तू विहिरीवर पाय धूत होतास. खांद्यावर लाल वळ उठला होता. इतक्या वर्षांत कधी उठला नव्हता. तू त्याच्यावर हात ठेवून म्हणालास, "आज मी गेलोच नाय रे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच होतो." मग माझ्याकडे बघून, "तू गेला होतास?"

तेव्हा तरी बोलायचं! पण माझ्या तोंडून निघालं, "होय."

"मग बरा झाला," म्हणालास. "घरातच रायली ना ती."

तू हसलास. खरंच आनंदाने हसलास. माणसाच्या हातातलं सगळं गेलं, ते भावाला मिळालं असं कळलं, आणि हा हसतो! मी त्या रात्री जेवलो नाही. एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त.

पुढच्या वर्षापासून तू पालखीला खांदा दिला नाहीस. म्हणायचास, "देवी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, मध्ये मी कशाला?" आणि मी? मी कंबर दुखते म्हणून अंग काढून घेतलं. परत कसं करणार होतो? जाळीमागे दर वर्षी थोडंच बसता येतं. चुलतभाऊ नाचवू लागले आणि आपण दोघे भाऊ सहाणेवर बसून बघत राहिलो. तू रिकाम्या खांद्याने, मी भरल्या पोटाने.

वहिनींनी मात्र मनाला लावून घेतलं. तुझ्या हातून काय पाप झालं म्हणून देवीने पाठ फिरवली, हे विचारायला किती वेळा कौल लावला त्यांनी! कौल कधी उजवा, कधी डावा. गुरुवार धरले, मासे सोडले. बंदरावरून मी सुरमई आणून द्यायचो आणि वहिनी ती तुला नि पोरांना वाढून स्वतः भात-आमटी जेवायच्या. मी समोर बसून जेवायचो. घास उतरायचा, अण्णा. उतरत नव्हता म्हणालो तर तेही खोटंच.

आणि दर शिमग्याला ढोल थांबले की तुझा तो प्रश्न. "बाळ्या, कसा वाटता रे? सांग ना परत." पहिल्या वर्षी मी तुझंच तुला सांगितलं, दांडा लागत नाही, बघणारा असतो. तू मान हलवलीस. पण तेवढ्यावर माझं भागेना. वर्षाला थोडं थोडं वाढवत गेलो. म्हटलं, उजेड दिसतो. मोठा उजेड, सगळीकडून. त्यात देवीचं रूप दिसतं. हाक ऐकू येते. तू डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, "मला नाय कधी उजेड दिसला. तुझा पुढचा आहे."

दहा शिमगे, अण्णा! दहा वेळा मी तुझ्या शेजारी बसून हे सांगितलं.

शेवटचा आठवडा तर मला आठवायचाही नाही, पण तोच डोळ्यांपुढून हलत नाही. तू पडवीत खाटेवर होतास. वहिनी पेज आणायला आत गेल्या तसा तू माझं मनगट धरलंस. "बाळ्या, तिकडं असाच असंल काय रे? मी नसल्यासारखा?" तुझा हात थंड होता. तू भ्याला होतास. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला भ्यालेला बघितलं, आणि तू विचारत कुणाला होतास? मला! जाणकार म्हणून!

मी म्हणालो, "भिऊ नको. उजेड दिसेल. त्याच्याकडे चालत राहा."

तू "बरा" म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलास.

आता या वर्षीचं ऐक. मान आपल्या घराचा. गावाने ठरवलं, भाऊ नाही तर भावाने उचलायची. मी कंबरेचं सांगितलं, कुणी ऐकलं नाही. सुधीर रजा काढून आलेला. म्हणाला, "काका, तुम्ही पुढे व्हा. बाबा सांगायचे, तुमच्यात आहे ते." तुझ्या पोराने असं म्हटल्यावर काय बोलणार? दांडा उचलला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. म्हटलं, या खेपेला तरी काही बघायचं नाही. नारळ नाही निघाला तर नाही. होऊ दे शोभा.

सुरुवातीला मी ढोलाचे ठोके मोजत होतो, इंजिनाचे मोजतो तसे. मग गुडघा दुखायला लागला. मग तो दुखतच राहिला, पण कुणाचा दुखतोय ते कळेना. तुला सांगतो, हे असं कागदावर लिहिताना वेड लागल्यासारखं वाटतं. ढोल होते, धूळ होती, पायाखालची माती गरम होती. हे सगळं कुणालातरी दिसत होतं. पण त्या दिसण्याला नाव नव्हतं, वय नव्हतं. बाळा म्हणून जो कोण आहे, त्याची लाजही नव्हती, भीतीही नव्हती. आनंदसुद्धा नव्हता रे, आनंद व्हायला कोणीतरी असावं लागतं ना?

शुद्ध आली तेव्हा मी गुडघ्यांवर होतो आणि तोंडात गुलाल गेला होता. समोर खड्डा, खड्ड्यात नारळ. पहिला विचार काय आला ठाऊक आहे? कोणी कोणी बघितलं? बघ, परत आल्या आल्या हा बाळा असा! आणि दुसऱ्याच क्षणी कळलं. उजेड नव्हता. कुठेही नव्हता. हाक नव्हती, रूप नव्हतं. तू सांगितलं होतंस तेवढंच होतं, त्याच्यापेक्षा काडीचंही जास्त नाही.

मग मी तुला कुठे पाठवलं, अण्णा?

पाच दिवस मला हेच खातंय. तू भोळा. भावाने सांगितलं म्हणजे खरं. तू तिकडे गेला असशील आणि ते तुझ्या ओळखीचंच असेल, खांदा हलका झाला असेल, पण तू थांबला नसशील. माझ्यावर विसंबून उजेड शोधत पुढे चालत राहिला असशील. अजून चालतोयस काय रे? इंजिन बंद झालं की विचारतोस ते म्हणूनच काय?

की तुला सगळं कळलं होतं? हाही किडा डोक्यात आहे. मी पुढून दांडा ओढत होतो, तू मागून धरलेला. तीस वर्षं खांदा दिलेल्या माणसाला ओढलेली पालखी कळत नाही? कळलं असेल तर मग दर वर्षी का विचारायचास? मी खरं बोलावं म्हणून? दहा वेळा दार उघडून धरलंस आणि मी दहा वेळा उजेडाच्या गोष्टी सांगत बसलो? कळलं होतं तर एक थोबाडीत द्यायची होतीस, अण्णा! मोठा भाऊ कशाला असतो मग?

आणि अजून ऐक. यंदा नारळ निघाल्यावर वहिनी पुढे आल्या. गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझ्या पायाशी वाकल्या. माझ्या! मोठी भावजय, आईच्या जागी! म्हणाल्या, "भावजी, देवीन तुमाला जवळ केलान. यांचा काय चुकला, ता मात्र कधी सांगितलान नाय." मी त्यांना उठवलं. सगळं गाव समोर होतं. आणि मी परत मूग गिळून उभा राहिलो.

कशाला खोटं बोलू, पळवाटही शोधून झाली माझी. मनाशी म्हटलं, पालखीखाली 'मी' म्हणून कोणी नसतोच हे आता कळलं ना, मग बारा वर्षांपूर्वीचं पाप तरी कुणाचं? सगळं एकच, करणारी तीच. किती सोयीचं! अंघोळ करता करता हे सुचलं आणि तांब्याभर पाण्याइतका वेळ बरं वाटलं. मग तुझ्या खांद्यावरचा वळ आठवला. तो वळ काही सगळ्यांचा नव्हता, तो तुझाच होता.

तेव्हा आधी तुला सांगतो. अण्णा, उजेड नाही. शोधू नको. कुठे असशील तिथेच थांब. तुला जे ठाऊक होतं तेच खरं होतं आणि ते तुझ्याकडून कधी गेलंच नव्हतं. त्या दिवशी ते आलं नाही, कारण मी पुढे उभा राहून वाट अडवली होती. तुझं काही चुकलं नव्हतं. एवढं एक ऐक माझं. बाकी सगळं विसर.

आणि हा शब्द देतो. सकाळी बंदरावर जाणार नाही. वहिनींकडे जाईन, जाळीमागे बसलो तिथपासून खाटेपर्यंत सगळं सांगेन. दार लावून घेतील. मला माहीत आहे, घेतीलच. सुधीरला फोन करेन, तो काका म्हणणार नाही परत. मग गाव जमेल तेव्हा सहाणेवर सगळ्यांना सांगेन, गाऱ्हाणं घालायच्या आधी, मोठ्याने. देवीने क्षमा केली, देवीने करवलं, असलं एक अक्षर मध्ये घालणार नाही.

पालखीखाली कोण होतं, ते मला सांगता येणार नाही. पण तुझ्याशी खोटं बोलला तो कोण, ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यालाच घेऊन जातो वहिनींच्या दारात.

तुझा धाकटा,
बाळा