तंबाखूची पुडी या उंबऱ्याच्या आत नको

मी रूपाबाई भ्रतार रतनसिंग आडे, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती, राहणार साखऱ्याजवळचा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. अलीकडे दुपारी डोळा लागतो आणि जाग आली तरी स्वप्न काही वेळ अंगावरून उतरत नाही. पण आत्ता, शाळेतल्या भीमराज गुरुजींना हे लिहायला सांगताना, मी पूर्ण शुद्धीत आहे.

१. ओढ्याकाठचे माझे शेत मुलगा रणजीत व मुलगी पुजा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. पुजा सासरी नांदते म्हणून तिचा हिस्सा कमी करू नये. आंब्याखालचा तुकडा तिला द्यावा. त्या सावलीत माझे पती तंबाखूला चुना लावून मळत, गालात धरत आणि तशीच झोप काढत. गालात पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पुढे जखम झाली, ती भरेना. नांदेडच्या दवाखान्यात पोहोचलो तोवर गाठ गळ्यापर्यंत गेली होती. १९९४ च्या उन्हाळ्यात ते गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले. शरीर रोज जुन्या पेशी टाकते, नव्या घडवते. कुठे थांबायचे हे पेशीला आतून ठाऊक असते. तंबाखूने तिला रोज इजा होते. बहुतेक इजा शरीर भरून काढते. एखादी राहून जाते, तिच्यावर वर्षानुवर्षे आणखी साठत जातात, आणि मग ती पेशी थांबणेच विसरते.

"म्हंजे हे बाहेरून न्हाई आलं?" मी विचारले.

"नाही, मावशी. त्यांचीच पेशी आहे."

त्यानंतर कित्येकदा मी स्वप्नात त्यांच्या गालाच्या आत चालत गेले आहे. आत हळद वाळत घातल्यासारखा पिवळा उजेड असतो, आणि तिथे कोणी परके नसते.

माझी स्वतःची तंबाखूची डबी मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर टाकली.

२. घर रणजीतचे. अट फक्त पुढच्या खोलीची. धाकटा दीर धर्मसिंग याला तिथे गुटख्याचे दुकान टाकायचे होते. मी नको म्हटले.

"भाभी, आमी न्हाई इकलं तर दुसरा इकंल," तो म्हणाला.

मी दार लावून घेतले. तेव्हापासून बोलणे बंद. त्याने चौकात टपरी टाकली, आणि तिथल्या पुड्या माझाच रणजीत खाऊ लागला. सून दिपा मला म्हणाली, "यांना तिखट सोसून न्हाई राहिलं. मोठा घास जात न्हाई." मी रणजीतला उन्हात बसवले, तोंड उघडायला लावले. जेमतेम दोन बोटे गेली. आत तोच पांढरा रंग.

"काहून रडून राहिली, माय? मला काय झालं?"

"व्हायच्या आधीच नेते तुला."

हिंगोलीच्या दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला. पेशी बदलू लागल्या होत्या; कर्करोग अजून नव्हता. चट्टा काढला. डॉक्टर म्हणाले, पुडी सुटली तर धोका पुष्कळ कमी होईल, पण तपासणी चुकवू नका. रणजीत चिडायचा, भांडी आपटायचा. दिपा त्याच्या हातावर बडीशेप ठेवायची. पुडी सुटली. तोंड अजून पुरते उघडत नाही, पण भाकर खातो.

सबब, पुढच्या खोलीत तंबाखू, गुटखा, विडी विकू नये. विकल्यास ती खोली पुजाची.

३. शिलाई मशीन व चांदीचे दागिने दिपाला. नवऱ्याचे दुखणे तिने झाकून ठेवले नाही.

४. माझ्या तेराव्याला कोणापुढे तंबाखूचे ताट फिरवू नये. अंगणात खुर्ची मांडावी, डॉक्टरांना बोलवावे, आणि येईल त्याचे तोंड तपासून घ्यावे. पहिले धर्मसिंगला बसवावे. तो मानणार नाही. रणजीतने हाताला धरून आणावे. माझा राग मी सोबत घेऊन जाते. त्याने माझ्यामागे इतक्यात येऊ नये.

हे मला वाचून दाखवले, बराबर आहे.

रूपाबाई रतनसिंग आडे (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: भीमराज खिल्लारे

साक्षीदार:
१. संतराम पवार, राहणार कुरुंदा (सही)
२. मिराबाई धर्मसिंग आडे (सही). कलम चार मी दोनदा वाचून घेतले. यांना मीच घेऊन येईन.

साखरा तांडा, ११ मार्च २००६